चपटी बाजू वर

१

नळकांडं हाताला जड लागलं, म्हणून रेकॉर्डबाईंनी ते उघडून पाहिलंच नाही. तसंच टेबलावर ठेवत त्या म्हणाल्या, "हे घ्या, एक्केचाळीस नंबर. आग विझवायच्या पंपाचं ड्रॉइंग."

डॉक्टरीणबाईंनी झाकण फिरवलं आणि आतला कागद ओढून टेबलावर पसरला. कागद सारखा वर वळून गुंडाळला जात होता. चार कोपऱ्यांवर पेपरवेट, स्टेपलर, चष्म्याची डबी आणि स्वतःची मूठ ठेवली तेव्हा कुठे तो दिसू लागला.

ते कॅन्टीनच्या छपराचं ड्रॉइंग होतं.

रेकॉर्डबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो, हे इथे कसं? हे तर वरच्या कपाटात असतं!"

डॉक्टरीणबाई काही खऱ्या डॉक्टर नव्हत्या. पंपाच्या अंगाला लांब स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, त्याच्या मुठीला कान लावायचा आणि पोटात काय दुखतंय ते सांगायचं, हा त्यांचा धंदा. पंधरा कारखान्यांत त्यांना याच नावाने ओळखत. एरवी त्या माणसांच्या भानगडीत पडत नसत. पण हे प्रकरण घरचं होतं. हरवलेलं ड्रॉइंग त्यांच्या दादाने, थोरल्या भावाने काढलेलं होतं.

कारखाना गाद्यांचा. गुरुवारी दुपारी फोमच्या गोदामाला आग लागली. पंप सुरू झाला, अर्धा मिनिट फर्मास धार आली आणि तुटली. पंपवाला पंपघर सोडून बाहेर आला नाही. पंपात पुन्हा पाणी भरायचं, पुन्हा चालू करायचा, पुन्हा धार तुटायची, असं तो करत राहिला आणि गोदामाच्या धुराने तिथेच संपला. शुक्रवारी मॅनेजरने सगळ्यांना पंपाजवळ नेऊन दाखवलं, की पाणी आत ओढणाऱ्या सक्शन पाईपचा एक तुकडा उलटा बसवलेला आहे. "ड्रॉइंगच तसं होतं," तो म्हणाला. ड्रॉइंग मागवायचं ठरलं. ते आज, सोमवारी सकाळी, उघडलं गेलं होतं.

चौकशीची बैठक आजच चार वाजता होती आणि घड्याळात साडेनऊ वाजले होते.

"मूळ प्रत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मूळ आणि नक्कल, दोन्ही याच नळकांड्यात होत्या. तुमच्या दादांनी ऑफिस बंद केलं तेव्हा मूळ प्रतही आमच्याकडेच दिली. घरात जागा नाही म्हणाले."

"आग लागल्यावर या खोलीत कोण कोण आलं?"

रेकॉर्डबाईंनी वही उघडली. "तिघं. शुक्रवारीच. फोरमन, बांधकामाचे सुपरवायझर आणि मॅनेजरसाहेब. तिघांनाही वेगवेगळे कागद हवे होते. मी चहा सांगायला गेले तेवढा वेळ प्रत्येक जण इथे एकटा होता." त्यांचा आवाज बारीक झाला. "तिघांसाठी तीनदा गेले हो मी."

२

पंपघर जेमतेम दोन खोल्यांएवढं. भिंतींवर काजळी होती आणि कोपऱ्यात पंपवाल्याच्या चपला तशाच पडल्या होत्या. डॉक्टरीणबाई त्यांना वळसा घालून पंपाजवळ गेल्या.

पलीकडे अर्धी जमिनीत गाडलेली टाकी होती. तिथून भिंतीच्या भोकातून बारा इंची पाईप आत येत होता. पंपाचं तोंड आठ इंची, म्हणून मध्ये एक निमुळता तुकडा होता. त्याला रिड्युसर म्हणतात. हा एका अंगाने सपाट असतो, दुसऱ्या अंगाने उतरता. सपाट अंग वर ठेवायचं, म्हणजे भिंतीपासून पंपापर्यंत पाईपचा माथा एका रेषेत राहतो आणि हवेला दडायला जागा उरत नाही. पाईपिंग शिकणाऱ्याच्या कानात पहिल्याच आठवड्यात घालतात ती ही गोष्ट. दादाने तर बहिणीला ती शाळेत असतानाच सांगितली होती.

इथे सपाट अंग खाली होतं. पंपाच्या तोंडाशी पाईपचा माथा वर राहिला होता, पालथ्या वाटीसारखा. पाण्यातून सुटणारी हवा त्यात साठणारच. पाणी थोडं थोडं चालू असलं की ही हवा गपगुमान बसून राहते. पंप पूर्ण जोराने ओढू लागला की सगळी एकदम आत जाते आणि पंप पाणी सोडून हवा घुसळत बसतो.

भिंतीला खिळ्यावर दर शनिवारच्या चाचणीची वही टांगलेली होती. पंपवाल्याचं अक्षर गोल, नीटनेटकं. तीन वर्षांपूर्वीच्या पहिल्या तीन शनिवारी त्याने एकच लिहिलं होतं : "आवाज येतो. पोटात खडे वाजतात." चौथ्या शनिवारपासून मात्र : "व्हॉल्व्ह दोन फेरे. ठीक." मग दर आठवड्याला तेच. दोन फेरे, ठीक. दोन फेरे, ठीक. दीडशेच्या वर शनिवार.

पाणी बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला बावीस फेरे लागत होते. त्यांनी तो स्वतः फिरवून मोजले. कुणीतरी पंपवाल्याला सांगितलं होतं, की पंपाला नुसतं गुळणी भरायला लाव, पळवू नकोस.

त्यांनी दादाला फोन लावला. "दादा, नीट आठव. सपाट बाजू वर काढली होतीस ना?"

"तायडे, खरं सांगू? मला शपथ घेता येणार नाही. हल्ली मी गॅस बंद केला का ते तीनदा बघतो. काढली असेल उलटी."

"असेल काय? तू आयुष्यात कधी उलटी काढलीस?"

"माणूस गेलाय. माझ्या एका रेषेने माणूस गेला असेल तर मी घरी बसून काय करू? मी चारच्या बैठकीला येतोय. चूक माझी म्हणून सांगतो आणि मोकळा होतो."

"तू येऊ नकोस!"

फोन बंद झाला होता. दादाच्या गावाहून इथपर्यंत बसला पाच तास लागत. म्हणजे तो घरातून निघालासुद्धा होता.

३

फोरमन वर्कशॉपमध्ये सापडला. आडवा बांधा, हाताला जुने भाजल्याचे डाग, आणि बोलताना नजर दुसरीकडे. डॉक्टरीणबाईंनी कॅन्टीनचं ड्रॉइंग त्याच्यासमोर पसरलं. "हे पंपाच्या नळकांड्यात निघालं. तुम्ही पाहिलं होतं?"

"नाही."

"रिड्युसर कुणी बसवला?"

"मीच. बारा बोल्ट मी स्वतः आवळले." त्याने जमिनीकडे पाहिलं. "कागदावर जसं असतं तसं बसवतो आम्ही."

"मग कागदावर उलटा होता?"

"बाई, तीन वर्षं झाली." त्याने कागद उचलला, पालथा घातला आणि सवयीने गुंडाळून त्यांच्या हातात दिला. "पंपवाला माझा साडू होता. मला जास्त विचारू नका."

त्याच्या कपाळावर घाम फुटला होता. हा काहीतरी गिळून बसला आहे, हे सांगायला स्क्रूड्रायव्हर कानाला लावायची गरज नव्हती.

बांधकामाचा सुपरवायझर याच्या अगदी उलट. त्याला बोलायला निमित्त लागत नव्हतं. "मी शुक्रवारी गोदामाच्या भिंतींचं ड्रॉइंग न्यायला गेलो होतो. पंपाशी माझा संबंध काय? त्याच्या खालचा ओटा बांधला आणि हात झटकले. ड्रॉइंगमध्ये अठरा इंच उंच होता, अठराचा बांधला. सगळं झाल्यावर खाली जमिनीवर काँक्रीटचा चार इंचांचा जाड थर टाकला, तीन वर्षं झाली, बघा कुठे भेग दिसते का! आगीतसुद्धा टवका उडाला नाही. आमचं काम म्हणजे काम!" बोलता बोलता त्यानेही कागद पालथा करून गुंडाळला आणि त्यावर रबर चढवलं.

मॅनेजरच्या केबिनमध्ये गारवा होता. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला, आवाजात दुःख आणलं. दाढी वाढलेली, डोळे लाल. तीन दिवस झोप नव्हती हे उघड होतं.

"तुमच्या दादांबद्दल मला आदर आहे," तो म्हणाला. "पण वय झालं की हात चुकतो. मी पाईपिंगचा माणूस नाही, पण तुकडा उलटा आहे हे माझ्याही डोळ्यांना दिसलं."

"ड्रॉइंग कोण पळवेल असं वाटतं?"

"ज्याला ते लपवायचं असेल तो. स्पष्ट बोलायचं तर..." त्याने हात पसरले. "तुमच्या घरच्यांनाच ते नको होतं. नाही का?"

डॉक्टरीणबाईंच्या कानशिलावरची शीर उडायला लागली. "माझा भाऊ इथून पाच तासांवर राहतो. शुक्रवारी त्याने या कारखान्याचं फाटकसुद्धा पाहिलेलं नाही."

"मी नुसतं आपलं बोललो." टेबलावर पसरलेला कॅन्टीनचा कागद त्याने होता तसाच, चटई गुंडाळावी तसा आतल्या बाजूला गुंडाळला आणि पुढे सरकवला. "आणि हो, पंपवाल्याचंही काही सांगता येत नाही. त्याला पंप नीट भरता आला नसेल. घाबरला असेल. लोक बोलतायत तसं."

म्हणजे दादा तरी, नाहीतर मेलेला तरी. चहा तसाच ठेवून त्या उठल्या. अडीच वाजले होते आणि हातात अजून काहीही नव्हतं.

४

पंपघरात परत येऊन त्या नुसत्या येरझारा घालू लागल्या. तीन पावलं जा, तीन पावलं ये. दादाने लहानपणी त्यांना एक गोष्ट शिकवली होती. कागद हरवला तर लोखंड वाच. पण लोखंड तर दादाच्याच विरुद्ध साक्ष देत होतं!

का उलटा बसवला असेल? फोरमन अडाणी नव्हता. तीस वर्षांचा फिटर झोपेतसुद्धा रिड्युसर सरळ बसवतो. म्हणजे तो सरळ बसतच नसणार.

त्या थबकल्या. मग खिशातून टेप काढून त्यांनी ओटा मोजला. चौदा इंच.

सुपरवायझर म्हणाला होता अठरा. शिवाय खाली चार इंचांचा थर टाकला, "सगळं झाल्यावर". दादा उंची नेहमी पक्क्या जमिनीपासून देतो. याने मोजली कच्च्या जमिनीपासून! मग वरून थर पडला आणि ओटा चार इंच बुडाला. बिचाऱ्याला आजतागायत पत्ता नव्हता.

बारा इंची पाईप आणि आठ इंची तोंड. सपाट अंग वर ठेवलं तर तोंडाचा मध्य पाईपच्या मध्यापेक्षा दोन इंच वर येतो. सपाट अंग खाली ठेवलं तर दोन इंच खाली. वरचे दोन आणि खालचे दोन, मिळून चार. पंप जेवढा बुडाला तेवढेच.

भिंतीतलं भोक हलवता येत नव्हतं. पंप चार इंच खाली आला होता. म्हणून तुकडा उलटा केला की पाईप बिनबोभाट जुळला.

पण हे सारं दादाने अठरा इंच लिहिले होते या एका गोष्टीवर उभं होतं. आणि कागद नव्हता. सुपरवायझरला कळलं की चूक त्याच्या गळ्यात येते, तर तो उद्या म्हणेल, छे, चौदाच होते!

त्यांनी वर पाहिलं. पंपातून बाहेर जाणारा पाईप सरळ छताकडे जात होता. तो ड्रॉइंग बघून वर्कशॉपमध्ये आधीच बनवून आणलेला असणार. त्यांनी स्टूल ओढलं, वर चढून नखाने काजळी खरवडली, मग रंग खरवडला.

वेल्डिंगचा एक सांधा सापडला. जरा वर आणखी एक. त्यांनी टेप लावला, आकडा वाचला आणि पुन्हा एकदा मोजलं.

फाटकाबाहेर बस थांबल्याचा आवाज आला. चारला दहा कमी होते.

५

कारखान्याच्या मालकीणबाई टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या, काठी मांडीवर आडवी. एका बाजूला मॅनेजर, दुसऱ्या बाजूला फोरमन आणि सुपरवायझर. रेकॉर्डबाई दाराशी. दादा आधीच उभा राहिला होता.

"चूक माझीच..." त्याने सुरुवात केली.

"दादा, बस खाली!" डॉक्टरीणबाई धापा टाकत आत आल्या. त्यांचे हात कोपरापर्यंत काळे होते. "मालकीणबाई, मला दहा मिनिटं द्या. मग याला काय कबूल करायचं ते करू दे."

त्यांनी ओट्याचा हिशेब सांगितला. सुपरवायझरचं तोंड उघडंच राहिलं. "पण मी... कच्च्या जमिनीपासूनच... बाप रे," तो पुटपुटला आणि पहिल्यांदाच गप्प झाला.

"एक मिनिट," मॅनेजर म्हणाला. "ड्रॉइंगमध्ये ओटा चौदाचा आणि रिड्युसर उलटाच नव्हता कशावरून? कागद कुठे आहे?"

"कागदाची गरज नाही. बाहेर जाणारा पाईप त्याच ड्रॉइंगवरून बनलाय ना?"

"हो," फोरमन म्हणाला.

"ड्रॉइंगमधला पंप आज आहे तितकाच खाली असता, तर तो पाईप त्याच्यावर अचूक बसला असता. पण तो चार इंच आखूड पडला. त्याला ठिगळ लावलंय. रंगाखाली वेल्डिंगचे दोन सांधे आहेत, मधलं अंतर चार इंच. माझ्याबरोबर चला, स्वतः मोजा. म्हणजे ड्रॉइंगमधला पंप चार इंच उंच होता. आणि त्या उंचीवर भिंतीतला पाईप पंपाच्या तोंडाला एकाच तऱ्हेने जुळतो, सपाट बाजू वर ठेवून. उलटा जुळणारच नाही. माझ्या भावाची रेष बरोबर होती."

दादाने टेबलाची कड घट्ट धरली.

"मग कागद पळवला कुणी?" मालकीणबाईंनी विचारलं.

"रोज ड्रॉइंग हाताळणारा माणूस कागद पालथा घालून गुंडाळतो. चित्र बाहेर राहतं, म्हणजे उघडल्यावर कडा टेबलाला चिकटतात. फोरमननी तसाच गुंडाळला, सुपरवायझरनी तसाच गुंडाळला, रेकॉर्डबाई तर वर्षानुवर्षं तसंच करतात. सकाळी नळकांड्यात सापडलेला कागद मात्र चित्र आत घेऊन गुंडाळला होता. तो टेबलावर ठरेना. दुपारी मी तो तिघांपुढे पसरला. एकट्या मॅनेजरसाहेबांनी चटईसारखा गुंडाळला."

"हा काय पुरावा झाला?" मॅनेजर हसायला गेला, पण हसू अर्ध्यावरच राहिलं.

"नाही, एवढ्याने भागणार नाही. तुम्ही पाईपिंगचे नाही, ओट्याचे नाही. ड्रॉइंग खरं असलं तर तुमचं काय बिघडत होतं, हे मला दिवसभर कळत नव्हतं. बिघडणार कधी? त्या कागदावर रेषांशिवाय आणखी काही असेल तर." त्या फोरमनकडे वळल्या. "तीस वर्षांचा फिटर रिड्युसर उलटा बसवतो, तो लेखी घेतल्याशिवाय बसवत नाही. तुम्ही काय लिहिलं होतं त्यावर?"

फोरमनने दोन्ही तळवे टेबलावर ठेवले.

"मी लिहिलं होतं, 'पंप चार इंच खाली बसतोय, रिड्युसर उलटा करावा लागेल, हवा धरेल, ओटा फोडून नवा बांधावा.' साहेबांनी खाली लिहिलं, 'आहे तसं चालेल,' आणि सही केली. दोन दिवसांनी अग्निशमन खात्याची तपासणी होती. ओटा फोडला असता तर तीन आठवडे गेले असते. साडूने खडे वाजतात म्हणून सांगितलं, तर साहेब म्हणाले, दोन फेऱ्यांवर चालव, वाजणार नाहीत." त्याने पहिल्यांदा मान वर केली. "शुक्रवारी म्हणाले, बोल्ट तू आवळलेस, तोंड उघडलंस तर आधी तू आत जाशील. मी घाबरलो. साडूच्या चितेपुढे उभा राहिलो आणि तिथेही घाबरूनच उभा राहिलो."

सगळे मॅनेजरकडे पाहत होते.

"ड्रॉइंग माझ्या घरी आहे," तो म्हणाला. "दोन्ही प्रती. जाळायला काढल्या होत्या. काडी ओढवेना."

मालकीणबाईंनी काठी टेकली आणि उभ्या राहिल्या. "पोलिसांना बोलवा," त्या रेकॉर्डबाईंना म्हणाल्या. "आणि सुपरवायझर, तुम्ही घरी जाऊ नका."

६

पोलिसांपुढचे जबाब आटपेपर्यंत सहा वाजले. दादाला लगेच परत जायचं नव्हतं. दिवसभराच्या प्रवासाने पाय सुजले होते, तरी तो एका जागी बसेना.

"सुटलास रे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"सुटलो कुठला? पंप बसवल्यावर मला बघायला बोलावलं होतं. गुडघे दुखत होते, मी फोनवरच 'ठीक असेल' म्हणालो. गेलो असतो तर दारातूनच दिसलं असतं." तो थांबला. "तिच्याकडे जायचंय मला."

फोरमनने त्यांना नेलं. पंपवाल्याचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. बायको दार उघडून बाजूला झाली. तिने कुणाला बसा म्हटलं नाही. आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज येत होता.

"वहिनी," दादा म्हणाला, "पंपाचं ड्रॉइंग मी काढलं होतं. मी एवढंच सांगायला आलोय, की तुमच्या माणसाच्या हातून काहीही चुकलं नव्हतं. पंपात पाणी भरायचं ते त्याने बरोबर भरलं. त्या पाईपला कुणीही भरलं असतं तरी धार तुटलीच असती. तीन वर्षांपूर्वी त्यानेच पहिल्यांदा सांगितलं होतं, लिहूनही ठेवलं होतं. त्याचं कुणी ऐकलं नाही."

ती म्हणाली, "खाली लोक म्हणतात, त्यांना चालवता आला नाही. म्हणतात, घाबरले."

"घाबरलेला माणूस पळतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दार चार पावलांवर होतं."

फोरमन भिंतीकडे तोंड करून उभा होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग दादाकडे. डोळे कोरडेच होते. तिने पदराने हात पुसले आणि आतल्या दाराकडे वळून मोठ्याने हाक मारली.

"पोरी, बाहेर ये. आजीला पण घेऊन ये, हाताला धरून." मग ती दादाला म्हणाली, "बसा. आणि हे पुन्हा सांगा. पहिल्यापासून, सगळं, सावकाश. शेजारची दारं उघडी आहेत, जरा मोठ्याने सांगा."